‘परहॅप्स’: एका संशयवाचक शब्दाचा इतिहास

इंग्रजीतील ‘परहॅप्स’ या शब्दाला मराठीत काय म्हणावे, असे शाळकरी मुलाला विचारले तर तो क्षणात ‘कदाचित’ असे सांगेल, आणि परीक्षेपुरते ते बरोबरही धरले जाईल. परंतु सीमाभागात किंवा महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आम्हा मराठी भाषकांचा इंग्रजीशी संबंध परीक्षेपुरता कधीच नव्हता. राज्यघटना, संसदेतील उत्तरे, आयोगांचे अहवाल, न्यायालयांचे निवाडे हे सारे आमच्यापर्यंत प्रथम इंग्रजीतूनच येते. आणि ‘होईल’ व ‘होऊ शकेल’ यांमधले अंतर तेथे पुष्कळदा एखाद्या लहानशा शब्दावर तोललेले असते. म्हणून इंग्रजीतील संशयवाचक क्रियाविशेषणे कोठून आली, कोणी आणली आणि ती काय बोलतात, हे एकदा नीट पाहावे असे आम्हांस वाटले.

प्रथम एक गोष्ट सांगितली पाहिजे. ‘परहॅप्स’ हा शब्द मूळच्या अँग्लो-सॅक्सन इंग्रजीत नव्हता. त्या काळी ‘अपेक्षा’ किंवा ‘अंदाज’ या अर्थाच्या ‘वेन’ या नामावरून साधलेले शब्द हे काम करीत. ‘वेन आहे की अमुक घडेल’ अशी ती वाक्यरचना असे. आपल्या ‘वाटते की’शी तिचे नाते सहज ओळखू यावे. आजच्या इंग्रजीत तिचा अवशेष ‘ओव्हरवीनिंग’ या शब्दात उरला आहे. स्वतःविषयी फाजील कल्पना बाळगणाऱ्या माणसास तो लावतात. बाकी सारे कुटुंब नाहीसे झाले. ते का नाहीसे झाले, याचे उत्तर इंग्लंडवर झालेल्या दोन स्वाऱ्यांत आहे.

पहिली स्वारी उत्तरेकडील समुद्रमार्गे आलेल्या नॉर्स लोकांची. इ.स. 865 पासून त्यांच्या मोठ्या फौजा इंग्लंडात उतरू लागल्या, आणि पुढे उत्तर व पूर्व इंग्लंडात त्यांची कायमची वस्ती झाली. यॉर्क शहराला ते ‘योर्विक’ म्हणत. हे लोक लुटारू म्हणून आले, पण शेतकरी होऊन राहिले. त्यांची भाषा व इंग्रजी या बहिणी-बहिणी असल्याने बाजारात आणि बांधावर त्यांचे बोलणे एकमेकांत मिसळले. ‘दे’, ‘देम’, ‘देअर’ ही सर्वनामे, ‘एग’, ‘स्काय’, ‘विंडो’ हे रोजचे शब्द, इतकेच काय पण कायद्याला असलेला ‘लॉ’ हा शब्दही या नॉर्स शेजाऱ्यांकडून इंग्रजीने घेतला. त्यांच्याच भाषेत ‘हाप्प’ असा एक शब्द होता. अर्थ नशीब, योगायोग. तो इंग्रजीत ‘हॅप’ झाला, आणि त्याचा वेलविस्तार पाहण्यासारखा आहे. योगाने घडते ते ‘हॅपन’; योग वाईट आला तर ‘मिसहॅप’; ज्याला योगच नाही तो ‘हॅपलेस’; आणि ज्याचा योग चांगला तो ‘हॅपी’. ‘हॅपी’चा मूळ अर्थ आनंदी नव्हे, दैववान. आनंद त्यात मागाहून आला.

दुसरी स्वारी 1066 सालची, नॉर्मंडीच्या विल्यमची. तिचा परिणाम वेगळ्या तऱ्हेचा झाला. नॉर्मन लोक शेजारी म्हणून नव्हे, मालक म्हणून राहिले. दरबार, न्यायालये, मोठे जमीनदार यांची भाषा फ्रेंच झाली. लिखापढी व धर्मकार्य लॅटिनमध्ये. आणि इंग्रजी ही नांगरामागच्या माणसाची भाषा उरली. ही अवस्था थोडीथोडकी नव्हे, जवळजवळ तीनशे वर्षे टिकली. फ्रेंचमध्ये ‘योगाने’ हे सांगण्यासाठी ‘पार’ या शब्दाला जोडून अनेक प्रयोग होते: ‘पार आव्हांत्यूर’, ‘पार कास’, ‘पार शांस’. इंग्रजीने ते जसेच्या तसे उचलले, आणि त्यांचे ‘पेरॅडव्हेंचर’, ‘परकेस’ व ‘परचान्स’ असे शब्द झाले. यांतील ‘केस’ व ‘चान्स’ हे दोन्ही शब्द ज्या लॅटिन धातूपासून आले त्याचा अर्थ ‘पडणे’ असा आहे. फासा पडतो तसा प्रसंग पडतो. सोंगट्या खेळणाऱ्या आपल्या माणसालाही ‘दान पडले’ हाच शब्द सुचला, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

आता ‘परहॅप्स’कडे येऊ. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून तो लेखनात दिसू लागतो. त्याचे पूर्वांग ‘पर’ हे जेत्या नॉर्मनांच्या फ्रेंच-लॅटिनचे. उत्तरांग ‘हॅप’ हे उत्तरेकडून येऊन शेतकरी झालेल्या नॉर्स लोकांचे. आणि शेवटचा ‘स’ हा इंग्रजी अनेकवचनाचा प्रत्यय मानला जातो. म्हणजे शुद्ध देशी इंग्रजी असे त्यात त्या एका प्रत्ययापलीकडे काहीच नाही. व्याकरणशुद्धीचा आग्रह धरणाऱ्या एखाद्या पंडिताने त्या काळी या संकराला हरकत घेतली असती तर ती शास्त्राला धरूनच झाली असती. पण भाषा टिकली ती असल्या संकरावरच. आमच्याकडे ‘शुद्ध मराठी’चा हिशोब मांडताना बेळगाव, हैदराबाद किंवा इंदूरच्या मराठीला जे उणे गुण दिले जातात, त्या वेळी हा शब्द हाताशी असावा.

ज्या काळात असले शब्द तयार होत होते त्याच काळातील एक घटना आमच्या वाचकांना विशेष जिव्हाळ्याची वाटेल. 1362 साली, तिसऱ्या एडवर्डच्या कारकिर्दीत, इंग्लंडच्या पार्लमेंटने असा कायदा केला की न्यायालयांतील तोंडी कामकाज इंग्रजीत चालावे. कारण काय दिले होते? की फ्रेंच भाषा राज्यात लोकांना फारशी कळत नाही, त्यामुळे आपल्या बाजूने किंवा आपल्याविरुद्ध काय बोलले जात आहे हेच पक्षकाराला समजत नाही. कारण इतके साधे आहे की ते मान्य व्हायला तीनशे वर्षे का लागावीत असा प्रश्न पडतो. आणि गंमत अशी की हा कायदा लिहिला गेला तो फ्रेंचमध्येच! शिवाय नोंदी लॅटिनमध्ये ठेवण्याची सवलत त्यात होतीच. वकिलांनी आपली मोडकी कायदेशीर फ्रेंच पुढे कित्येक पिढ्या सोडली नाही. न्यायालयांच्या कागदांतून लॅटिन व फ्रेंच दोन्हींना हद्दपार करणारा कायदा 1733 साली अंमलात आला. पहिल्या कायद्यापासून मोजले तर 371 वर्षे. लोकभाषेच्या बाजूने कायदा होणे आणि ती भाषा कचेरीच्या मेजावर पोहोचणे या दोन निराळ्या घटना असतात, हे यापेक्षा स्पष्ट दाखवणारे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

‘पेरॅडव्हेंचर’ या शब्दाची कथा थोडी निराळी. मूळ फ्रेंच उच्चारात ‘ड’ नव्हता, जुन्या इंग्रजी लेखनातही तो नसे. पुढे लॅटिन व्युत्पत्तीचा मान राखण्यासाठी विद्वानांनी तो मध्ये घातला, आणि लोक तो उच्चारूही लागले. 1611 साली राजा जेम्सच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या बायबलच्या भाषांतरात हा शब्द वारंवार येतो. ‘परहॅप्स’ मात्र त्या प्रचंड ग्रंथात अवघा तीन वेळा. भाषांतरकारांना नवा शब्द हलका वाटला असावा. उत्पत्तीच्या पुस्तकातील अब्राहामाची विनवणी या दृष्टीने वाचावी. सदोम नगराचा नाश ठरलेला आहे. अब्राहाम देवाशी घासाघीस करतो. तेथे पन्नास नीतिमान माणसे निघाली तर? पंचेचाळीस निघाली तर? मग चाळीस, तीस, वीस, आणि शेवटी दहा. प्रत्येक पायरीवर 1611 च्या भाषांतरात तोच शब्द आहे. एक संपूर्ण शहर त्या ‘कदाचित’वर लटकलेले आहे. विसाव्या शतकातील भाषांतरांनी तेथे ‘समजा’ या अर्थाचा सोपा शब्द घातला. अर्थ राहिला, पण याचकाच्या आवाजातील कंप गेला, असे आमचे मत. आजच्या इंग्रजीत ‘पेरॅडव्हेंचर’ उरला आहे तो जवळजवळ एकाच ठराविक प्रयोगात. ‘बियाँड पेरॅडव्हेंचर’, म्हणजे निःसंशय. संशयाचा शब्द संशय नाकारण्यापुरताच जिवंत राहावा, हे त्याचे दैव. ‘परचान्स’ला शेक्सपिअरच्या हॅम्लेटने आसरा दिला, त्यामुळे तो निदान रंगभूमीवर ऐकू येतो. ‘परकेस’ तर साफ गेला.

‘मेबी’ हा शब्द वरवर साधा दिसतो. ‘इट मे बी’, म्हणजे ‘असे असू शकेल’, या वाक्यातील दोन शब्द चिकटून पंधराव्या शतकाच्या सुमारास तो तयार झाला. आज बोलण्यात तोच अधिक, विशेषतः अमेरिकेत. ‘परहॅप्स’ लेखनात, औपचारिक प्रसंगी आणि ब्रिटिशांच्या तोंडी. दोन्हींचा अर्थ एकच असे कोश सांगतो. वापर तसे सांगत नाही. ब्रिटिश कारकुनी पत्रात ‘परहॅप्स यू कुड सेंड…’ असे आले तर तेथे शक्यतेचा काही संबंध नसतो. ‘पाठवा’ हा हुकूम मऊ कापडात गुंडाळलेला असतो. त्याचे ‘कदाचित आपण पाठवू शकाल’ असे मराठी करणे म्हणजे अर्थाचा अनर्थ. आमच्याकडे त्या जागी ‘पाठवावे’ हा विध्यर्थ आहे आणि तो पुरेसा आहे. तसेच ‘मेबी’ हे एकत्र लिहिले तर क्रियाविशेषण आणि ‘मे बी’ असे तोडून लिहिले तर क्रियापद, एवढी खबरदारी इंग्रजीत अर्ज लिहिणाऱ्या तरुणांनी घ्यावी.

आता जरा आपल्या परिसराकडे वळू, कारण येथे आमच्या वाचकांचे भाग्य थोर आहे. त्यांना पाच-सहा भाषांतील ‘कदाचित’ कानावर पडतो. संस्कृत ‘कदा’ म्हणजे ‘कधी’, त्याला ‘चित्’ जोडून ‘कधीतरी’. म्हणजे आपण शक्यता काळात मोजली. ‘एखादे वेळी’ या प्रयोगातही तेच. वडोदऱ्याचा मराठी माणूस शेजाऱ्याकडून याच शब्दाचे ‘कदाच’ हे गुजराती रूप ऐकतो. गोव्यात चार शतके राज्य करून गेलेल्या पोर्तुगिजांच्या भाषेतील ‘तालव्हेज’ याचीही फोड ‘तशी एखादी वेळ’ अशीच होते. परंतु त्याच गोव्यातील कोकणी माणूस मात्र ‘घडये’ म्हणतो. घडणे या धातूवरून! नॉर्स लोकांची दाट वस्ती झाली त्या यॉर्कशायरमधील खेडूत आजही ‘परहॅप्स’ऐवजी नुसता ‘हॅपन’ हा शब्द वापरतो: ‘हॅपन पाऊस येईल’. मांडवीकाठचा कुळवाडी आणि यॉर्कशायरचा धनगर यांनी एकमेकांचे तोंडही न पाहता एकच युक्ती काढली.

कन्नडमध्ये ‘बहुशः’ आणि तेलुगूत ‘बहुशा’ असे संस्कृतोद्भव शब्द चालतात. आपल्या ‘बहुधा’ व ‘बहुतेक’ यांचे ते सख्खे भाऊ. जे बहुत वेळा घडते ते याही वेळी घडेल, असा त्यांतील तर्क. म्हणून ‘बहुधा’ची शक्यता ‘कदाचित’पेक्षा भारी, हा भेद मराठीने नीट सांभाळला आहे, आणि ‘परहॅप्स’ला सरसकट ‘बहुधा’ म्हणणाऱ्या वर्तमानपत्री भाषांतरकारांनी तो सांभाळावा. इंदूर-ग्वाल्हेरकडे आणि हैदराबादेत ‘शायद’चे राज्य. हा फारसी क्रियापदाचा प्रकार. मूळ अर्थ ‘शोभते, योग्य आहे’. त्याच धातूपासून ‘योग्य, लायक’ या अर्थाचे ‘शायिस्ता’ हे विशेषण होते. लाल महालात ज्याची बोटे तुटली त्या मामासाहेबांच्या किताबात आणि रोजच्या ‘शायद’मध्ये एकच धातू आहे, हे किती जणांच्या ध्यानात येते? मराठीजवळ आणखी एक साधन आहे. ‘तो घरी असेल’, ‘पत्र पोचले असेल’ या वाक्यांत काळ भविष्य नाही. तेथे भविष्यकाळाचे रूपच संशय दाखवते, वेगळ्या शब्दाची गरज पडत नाही.

इतके शब्द असूनही शक्यता किती, हे मात्र त्यांपैकी एकही सांगत नाही. ही अडचण भाषापंडितांच्या आधी हेरखात्याला जाणवली. 1951 साली अमेरिकेच्या गुप्तवार्ता यंत्रणेने युगोस्लाव्हियावर सोव्हिएत गटाकडून हल्ला होईल काय, याविषयी एक अंदाजपत्र तयार केले. त्यात हल्ल्याची ‘गंभीर शक्यता’ आहे असे शब्द होते. परराष्ट्र खात्यातील एका अधिकाऱ्याने त्या यंत्रणेतील शेर्मन केंट यांना विचारले, म्हणजे नेमके किती? केंट म्हणाले, शंभरात पासष्ट. अधिकारी दचकला, त्याने ते शब्द वाचून शक्यता पुष्कळच कमी धरली होती. मग केंट यांनी आपल्याच सहकाऱ्यांना, ज्यांनी एकमताने ते वाक्य मंजूर केले होते त्यांना, एकेक करून विचारले. एकाच्या मनात शंभरात वीस होते, तर दुसऱ्याच्या मनात ऐंशी. एकमत शब्दावर झाले होते, अर्थावर नव्हे. दहा वर्षांनी, 1961 मध्ये, क्युबाच्या बे ऑफ पिग्ज येथील मोहिमेपूर्वी सेनाधिकाऱ्यांनी यशाची ‘फेअर चान्स’ आहे असा अहवाल दिला. लिहिणाऱ्याच्या मनात शंभरात तीस होते. वाचणाऱ्या राजकर्त्यांनी ते अनुकूल मत समजून घेतले. सुमारे 1400 निर्वासित क्युबन किनाऱ्यावर उतरले, आणि त्यांतील अकराशेहून अधिक कैद झाले. केंट यांनी 1964 साली या विषयावर निबंध लिहिला. त्यात ‘जवळजवळ निश्चित’ म्हणजे सुमारे 93 टक्के, ‘संभाव्य’ म्हणजे सुमारे 75, अशी शब्दांना आकड्यांची जोड दिली. आकडे मागणाऱ्यांना त्यांनी ‘गणिती’ आणि शब्दांवर समाधान मानणाऱ्यांना ‘कवी’ असे नाव दिले होते. त्यांच्या खात्यात कवींचा पक्ष प्रबळ ठरला. आमच्या अनुभवातील कचेऱ्याही तशाच कविमनाच्या आहेत.

शेवटी ‘मेबी’तील ‘मे’कडे आले पाहिजे, कारण कायद्याचा सारा भार त्यावर असतो. ‘मे’चा जुना अर्थ ‘बळ असणे’. सामर्थ्य या अर्थाचे ‘माइट’ हे नाम त्याचेच भावंड. बळ आहे, म्हणून करू शकतो; करू शकतो, म्हणून करण्याची मुभा आहे; मुभा आहे, म्हणून कदाचित करील. असा तो अर्थ उतरत आला. आपल्या ‘शक्ती’, ‘शकणे’ आणि ‘शक्यता’ यांचा क्रमही हुबेहूब तोच. मराठी कायद्याच्या भाषेत ‘मे’साठी ‘करता येईल’ असे लिहितात, कन्नड भाषेत ‘माडबहुदु’. तिन्ही भाषांत अधिकारी मोकळा राहतो. पण तो नेहमीच तितका मोकळा असतो काय? 1880 साली इंग्लंडच्या उमराव सभेपुढे ज्यूलियस विरुद्ध ऑक्सफर्डचे बिशप हा खटला आला. एका धर्मगुरूविरुद्धच्या तक्रारीवर चौकशी नेमण्याचा अधिकार बिशपला होता; त्याने नेमली नाही. अधिकार देणारे शब्द मुभेचेच आहेत, म्हणून बिशपवर सक्ती नाही, असा निकाल झाला. परंतु लॉर्ड केर्न्स यांनी त्याच निकालात सांगितले की ज्या कामासाठी, ज्या परिस्थितीत आणि ज्यांच्या हितासाठी अधिकार दिला आहे ते पाहता मुभेच्या शब्दाला कर्तव्य जोडलेले असू शकते. हे तत्त्व भारतीय न्यायालयांतही वारंवार उद्धृत होते.

भारतीय संविधानाचा अनुच्छेद 347 या प्रकाशात वाचावा. राज्यातील लोकसंख्येच्या भरीव भागाला आपली भाषा मान्य व्हावी असे वाटते, अशी मागणी झाल्यावर आणि राष्ट्रपतींची खात्री पटल्यास, ती भाषा त्या राज्यात किंवा त्याच्या भागात अधिकृतपणे मान्य करावी असा निदेश राष्ट्रपती देऊ शकतात. निदेश देण्यासाठी ‘मे’. निदेश दिल्यावर मान्यतेसाठी ‘शॅल’. एकाच वाक्यात मुभा आणि बंधन शेजारी-शेजारी बसले आहेत, आणि मुभेच्या दारातून गेल्याशिवाय बंधनापर्यंत पोहोचता येत नाही. सातव्या घटनादुरुस्तीने 1956 साली आलेल्या अनुच्छेद 350-क मध्ये, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयींबाबत, शब्द ‘शॅल’ आहे. पण तो ‘प्रयत्न’ या शब्दाला जोडलेला आहे. ‘भरीव भाग’ म्हणजे शंभरात किती, हे 347 सांगत नाही. आकडे आले ते त्याच वर्षीच्या केंद्र सरकारच्या भाषिक अल्पसंख्याकांविषयीच्या निवेदनात: वर्गात 10 किंवा शाळेत 40 मुले असतील तर मातृभाषेतून शिकवण्याची सोय, तालुका किंवा नगरपालिका क्षेत्रात 15 ते 20 टक्के लोक असतील तर महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेतही. केंट ज्याची मागणी करीत होते ते, म्हणजे शब्दाशेजारी आकडा, येथे आहे. फक्त त्या निवेदनाचा सूर सल्ल्याचा आहे, आणि सल्ल्याचे क्रियापद पुन्हा ‘मे’च्याच कुळातले आहे.